लेबलाआडची वाहतूक

दोन स्विचांमधली १० गिगाबिटची लिंक कमी पडू लागली की तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, चौथी लिंक टाकतात आणि सगळ्यांची मिळून एक जुडी बांधतात. अभियंते तिला बंडल किंवा लॅग म्हणतात. वरच्या प्रोटोकॉलना ही जुडी म्हणजे एकच मोठे पोर्ट वाटते. स्पॅनिंग ट्री तिच्याकडे एक लिंक म्हणून पाहते, त्यामुळे जास्तीच्या तारा बंद करून ठेवत नाही. राउटिंगलाही तिथे एकच शेजारी दिसतो. एखादी तार तुटली तर उरलेल्या तिघी काम पुढे चालवतात.

ही रीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. इथरनेट स्विच बनवणाऱ्या ‘कल्पना’ या अमेरिकी कंपनीने तिला इथरचॅनल असे नाव दिले होते. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने विकत घेतली. २००० मध्ये आयईईईने ८०२.३एडी या मानकात जुडीचे नियम बसवले आणि २००८ पासून ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहेत. जुडीची दोन टोके एलएसीपी या प्रोटोकॉलचे छोटे संदेश एकमेकांना पाठवत राहतात. संथ पद्धतीत दर ३० सेकंदांना, जलद पद्धतीत दर सेकंदाला एक. तितक्याच काळाच्या तिपटीइतकी शांतता झाली की ती तार जुडीतून बाद होते.

तारा बांधण्याचा भाग एवढ्यावर संपतो. खरा प्रश्न पुढचा आहे: आलेले पॅकेट चारपैकी कोणत्या तारेवर टाकायचे?

पहिले मनात येणारे उत्तर म्हणजे पाळीपाळीने. पहिले पॅकेट पहिल्या तारेवर, दुसरे दुसऱ्या, पाचवे पुन्हा पहिल्या. असे केले तर भार जवळपास समान पडतो, पण क्रम बिघडतो. १० गिगाबिटच्या तारेवर १,५०० बाइटांचे पॅकेट बाहेर पडायला १.२ मायक्रोसेकंद लागतात आणि ६४ बाइटांच्या पॅकेटला ०.०५ मायक्रोसेकंद. मोठ्या पॅकेटच्या मागोमाग शेजारच्या तारेवर निघालेले छोटे पॅकेट पलीकडे आधी पोहोचते. त्यात एका तारेच्या तोंडाशी रांग असेल तर फरक आणखी वाढतो. टीसीपीला असा पुढेमागे झालेला क्रम सोसत नाही. पलीकडून एकाच पोचपावतीच्या तीन जादा नकला आल्या की पाठवणारा संगणक पॅकेट हरवले असे धरतो, ते पुन्हा पाठवतो आणि आपला वेग एकदम घटवतो. काहीही हरवलेले नसताना जोडणी मंदावते. म्हणूनच मानकाने अट घातली आहे की एका संभाषणातल्या फ्रेमचा क्रम जुडीने बिघडवता कामा नये.

ती अट पाळायचा साधा मार्ग म्हणजे एका संभाषणाची सगळी पॅकेट एकाच तारेवरून नेणे. त्यासाठी स्विच प्रत्येक पॅकेटच्या हेडरमधले काही रकाने घेतो. बहुधा पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता, प्रोटोकॉल आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक असे पाच रकाने असतात. त्यांचे मिश्रण करून एक संख्या काढली जाते. हाच हॅश. चार तारा असतील तर त्या संख्येला चाराने भागायचे आणि जी बाकी उरेल, त्या क्रमांकाच्या तारेवर पॅकेट टाकायचे. तेच पाच रकाने आले की तीच संख्या येते आणि तीच तार मिळते. स्विचला काही लक्षात ठेवावे लागत नाही, आणि हे सगळे हार्डवेअरमध्ये प्रत्येक पॅकेटमागे नॅनोसेकंदांत उरकते.

या हिशेबात कोणत्या तारेवर किती भार आहे, हे कुठेच मोजलेले नाही. भार विभागला जातो तो संभाषणे पुष्कळ आणि परस्परांहून वेगळी असतात म्हणून. हजारो ग्राहकांची लाखभर संभाषणे असतील तर चारही तारा जवळपास सारख्या भरतात. संभाषणे मोजकी असतील, किंवा पुष्कळ असूनही स्विचला सारखीच दिसत असतील, तर जुडी नावापुरती राहते. लेबल लावलेल्या वाहतुकीत नेमका हा दुसरा प्रकार घडतो.

लेबलांची ही पद्धत म्हणजे एमपीएलएस. १९९६च्या सुमारास सिस्कोने टॅग स्विचिंग या नावाने तिचे एक रूप मांडले, १९९७ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफचा कार्यगट बसला आणि जानेवारी २००१ मध्ये त्या संस्थेचे आरएफसी ३०३१ व ३०३२ हे दस्तऐवज प्रसिद्ध झाले. सेवादात्याच्या जाळ्याच्या वेशीवरचा राउटर पॅकेटला चार बाइटांची एक चिठ्ठी डकवतो. तिच्या ३२ बिटांपैकी २० बिट लेबलाच्या आकड्याचे, ३ वाहतुकीच्या दर्जाचे, ८ आयुर्मर्यादेचे असतात, आणि उरलेला एक बिट ही चिठ्ठी थप्पीतली शेवटची आहे की नाही ते सांगतो. चिठ्ठ्या एकीवर एक रचता येतात. वरची चिठ्ठी जाळ्याच्या कोणत्या टोकाला जायचे ते सांगते, खालची तिथे पोहोचल्यावर कोणत्या ग्राहकाच्या हवाली करायचे ते. मधल्या राउटरांनी फक्त वरची चिठ्ठी वाचायची, बदलायची आणि पॅकेट पुढे ढकलायचे. आत काय आहे याची त्यांना गरजच पडू नये, अशी ही रचना आहे, आणि एमपीएलएसचे मोठेपण त्यातच आहे. एकाच जाळ्यावरून बँकेच्या शाखांची खासगी वाहतूक, मोबाइल टॉवरांची वाहतूक आणि साधे इंटरनेट अशा सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी वाहू शकतात.

जुडीला मात्र आत डोकावल्याशिवाय विविधता दिसत नाही.

अगदी साधी मांडणी घ्या. एका राउटरचे १०० गिगाबिटचे पोर्ट एका स्विचला जोडले आहे. त्या स्विचपासून पुढच्या स्विचपर्यंत १० गिगाबिटच्या चार तारांची जुडी आहे आणि पलीकडे दुसरा राउटर. राउटरांमधली सगळी वाहतूक लेबल लावलेली आहे. मधल्या स्विचकडे येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर पाठवणारा मॅक पत्ता पहिल्या राउटरचा आणि घेणारा दुसऱ्या राउटरचा असतो. त्यानंतरच्या प्रकार-रकान्यात आयपीचा ०८०० हा षोडशमान आकडा नसतो, तिथे एमपीएलएसचा ८८४७ असतो. फक्त आयपी ओळखणारा स्विच इथेच थांबतो. आयपी सापडले नाही म्हणून तो मॅक पत्त्यांवर हॅश काढतो, आणि मॅक पत्ते तर दोनच आहेत. आत लाखभर संभाषणे असोत, संख्या एकच येते आणि तार एकच मिळते.

अशा वेळी पोर्टनिहाय आकडे उघडले की एक तार काठोकाठ भरलेली, तिच्यावर पॅकेट टाकून दिल्याची नोंद भराभर वाढते आहे, आणि उरलेल्या तिघींवर जवळजवळ काहीच नाही, असे चित्र दिसते. सगळ्या जुडीचा एकत्र आलेख मात्र जेमतेम २५ टक्के भार दाखवतो. फक्त तो आलेख पाहणाऱ्याला तीन चतुर्थांश जागा शिल्लक आहे असे वाटते आणि ग्राहकाची तक्रार भलतीकडे शोधली जाते. जुडीचा आलेख पाहताना प्रत्येक तारेचा वेगळा आलेख शेजारी ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

यावरचा पहिला उपाय म्हणजे लेबल वाचता येणारा स्विच. हॅशमध्ये लेबलांचे २० बिट घातले की निदान वेगवेगळ्या लेबलांची वाहतूक वेगवेगळ्या तारांवर जाऊ शकते. पण केवळ वरचे लेबल वाचले तर फारसे साधत नाही, कारण वरच्या लेबलांची संख्या जाळ्याच्या टोकांइतकीच, म्हणजे मोजकी असते. चार लेबले आणि चार तारा आहेत असे धरू. प्रत्येक लेबल कोणत्याही तारेवर पडण्याची शक्यता सारखी असेल, तर एकूण २५६ प्रकारे वाटणी होऊ शकते आणि त्यांपैकी २४ प्रकारांतच प्रत्येक तारेला एकेक लेबल मिळते. म्हणजे शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा किमान एक तार रिकामी राहणार. यात कोणत्याही यंत्राचा दोष नाही. थोडे फासे टाकले की असेच होते. खालचे, ग्राहक ओळखणारे लेबलही हॅशमध्ये घेतले तर परिस्थिती सुधारते. तरीही एका मोठ्या ग्राहकाच्या साऱ्या खासगी जाळ्याला मिळून एकच लेबल दिलेले असेल, तर त्याची सगळी वाहतूक एकाच तारेवर अडकते.

म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी आणखी खोल हात घातला. लेबलांची थप्पी उलगडत शेवटच्या चिठ्ठीपर्यंत जायचे आणि तिच्याखालचे आयपी हेडर वाचून त्यातल्या पाच रकान्यांवर हॅश काढायचा. अडचण अशी की चिठ्ठीखाली आयपी आहे की आणखी काही, हे सांगणारा रकाना त्या चार बाइटांत नाही. ज्या राउटरने ते लेबल वाटले, त्यालाच त्याचा अर्थ ठाऊक असतो, वाटेतल्याला नसतो. तेव्हा वाटेतल्याने अंदाज बांधायचा. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे हेडर ४ या आकड्याने सुरू होते, सहाव्या आवृत्तीचे ६ ने. शेवटच्या चिठ्ठीनंतरच्या पहिल्या चार बिटांत ४ किंवा ६ दिसला तर आत आयपी आहे असे मानायचे. हा अंदाज इतक्या वेळा बरोबर ठरला की तो जवळजवळ नियमच होऊन बसला.

तो कुठे चुकतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. एमपीएलएसवरून नुसते आयपीच जाते असे नाही. ग्राहकाची अख्खी इथरनेट फ्रेमही लेबलांखाली घालून पलीकडे नेता येते. या सोयीला स्यूडोवायर, म्हणजे आभासी तार, म्हणतात. अशा वेळी शेवटच्या चिठ्ठीनंतर लगेच येतो तो ग्राहकाच्या यंत्राचा मॅक पत्ता. ही पद्धत ठरली तेव्हा ४ किंवा ६ ने सुरू होणारे मॅक पत्ते वापरात नव्हते, त्यामुळे गफलत होत नव्हती. पुढे तसे पत्ते वाटले गेले आणि त्यांची यंत्रे बाजारात आली.

आता घेणाऱ्याचा मॅक पत्ता ४ ने सुरू होतो अशी एक फ्रेम डोळ्यांसमोर आणा. वाटेतला राउटर तिला आयपी पॅकेट समजतो आणि ठरलेल्या जागी पत्ते शोधतो: १३ ते १६ या बाइटांत पाठवणाऱ्याचा, १७ ते २० या बाइटांत घेणाऱ्याचा. पण ही इथरनेट फ्रेम आहे. तिचे पहिले १२ बाइट दोन मॅक पत्त्यांत गेले, १३ आणि १४ प्रकार-रकान्यात, आणि १५व्या बाइटापासून आतले खरे आयपी हेडर सुरू झाले. त्यामुळे राउटर ज्याला घेणाऱ्याचा पत्ता समजतो, त्या १७ ते २० बाइटांत प्रत्यक्षात आतल्या पॅकेटची लांबी आणि त्याचा ओळख-क्रमांक बसलेला असतो. लांबी पॅकेटागणिक बदलू शकते आणि ओळख-क्रमांकही बहुधा बदलत जातो. म्हणजे एकाच संभाषणातल्या प्रत्येक पॅकेटचा हॅश वेगळा, तार वेगळी, आणि जो क्रम जपण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच क्रम पार विस्कटतो. ग्राहकाला याचा अनुभव असा येतो की अमुक कंपनीचे नवे नेटवर्क कार्ड बसवलेला संगणक मंद चालतो आणि शेजारचा व्यवस्थित चालतो. दोष कार्डात शोधला जातो. तो असतो कित्येक किलोमीटरवरच्या राउटरच्या अंदाजात.

यावर उतारा आधीपासून उपलब्ध होता. २००६च्या आरएफसी ४३८५ मध्ये कंट्रोल वर्ड नावाचे चार बाइट सांगितले आहेत. ते शेवटची चिठ्ठी आणि ग्राहकाची फ्रेम यांच्यामध्ये बसतात आणि त्यांचे पहिले चार बिट शून्य असतात. शून्य दिसले की वाटेतला राउटर आत आयपी शोधायला जात नाही. इथरनेटच्या आभासी तारेसाठी मात्र ते ऐच्छिक ठेवले गेले आणि अनेकांनी चार बाइट वाचवले. २०१८च्या आरएफसी ८४६९ ने अपवाद वगळता ते वापराच अशी शिफारस केली, आणि ती शिफारस करायला खरे तर उशीरच झाला.

कंट्रोल वर्डने क्रम वाचतो, पण विविधता पुन्हा झाकली जाते. आत डोकावता येत नाही म्हटल्यावर एका आभासी तारेची सगळी वाहतूक जुडीतल्या एकाच तारेवर जाणार. ग्राहकाने ८ गिगाबिटची आभासी तार घेतली असेल तर १० गिगाबिटच्या एका तारेवर दुसऱ्यासाठी फारशी जागा उरत नाही.

इथून पुढे विचाराची दिशा बदलली. वाटेतल्याने अंदाज बांधण्यापेक्षा ज्याला माहीत आहे त्यानेच सांगावे. वेशीवरच्या राउटरला ग्राहकाचे पॅकेट उघड्या रूपात मिळते. आत आयपी आहे की इथरनेट, हे त्याला नेमके ठाऊक असते आणि संभाषणांतला फरकही तोच अचूक ओळखू शकतो. तेव्हा त्याने तिथेच हॅश काढावा आणि तो २० बिटांचा आकडा एका जादा लेबलात लिहून पॅकेटसोबत पाठवावा. मधल्यांनी फक्त लेबलांवर हॅश काढला तरी संभाषणे आपोआप वेगळी पडतील.

नोव्हेंबर २०११च्या आरएफसी ६३९१ ने हे आभासी तारांसाठी केले. तिथे थप्पीच्या अगदी तळाशी एक फ्लो लेबल बसते. या लेबलावरून पॅकेट कुठेही पाठवले जात नाही. पलीकडचे टोक ते काढून फेकून देते. बरोबर वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, आरएफसी ६७९० ने हीच युक्ती सगळ्या प्रकारच्या लेबल लावलेल्या वाहतुकीसाठी खुली केली आणि त्या लेबलाला एन्ट्रॉपी लेबल असे नाव दिले. हे लेबल थप्पीत मध्येही येऊ शकते, म्हणून ते ओळखायला त्याच्या आधी एक खूणचिठ्ठी लागते. ० ते १५ ही राखीव लेबले आहेत. त्यांतले ७ या कामाला दिले आहे. ७ दिसले की पुढची चिठ्ठी मार्गासाठी वाचायची नाही, ती केवळ विविधतेसाठी आहे. चुकून कोणी ती मार्गाची समजून पॅकेट पुढे धाडू नये म्हणून तिची आयुर्मर्यादा शून्य ठेवतात. आणि पलीकडच्या टोकाने ‘मला एन्ट्रॉपी लेबल समजते’ असे आधी कळवल्याशिवाय ते लावायचेच नाही.

यासाठी पॅकेटमागे आठ बाइट खर्ची पडतात, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक तारेची कमाल पॅकेट-लांबी तेवढी सैल ठेवावी लागते. त्या बदल्यात २० बिटांत दहा लाखांहून जास्त वेगवेगळे आकडे बसतात. चार किंवा आठ तारांच्या जुडीला एवढी विविधता भरपूर आहे. मधल्या यंत्रांना ग्राहकाच्या हेडरची रचना माहीत असण्याचीही गरज उरत नाही. उद्या आतली भाषा बदलली तरी जुडीचा हिशेब तोच राहतो. डेटा सेंटरांत वापरल्या जाणाऱ्या व्हीएक्सलॅनमध्येही याच धर्तीवर आतल्या संभाषणाचा हॅश बाहेरच्या यूडीपी हेडरच्या पोर्ट क्रमांकात लिहितात.

नवी अडचण थप्पीच्या उंचीतून आली. सेगमेंट राउटिंगमध्ये मार्गातले टप्पे लेबलांच्या रूपात वरच रचलेले असतात, त्यामुळे थप्पी आठ-दहा चिठ्ठ्यांचीही होऊ शकते. राउटरमधल्या चिपला ठरावीक खोलीपर्यंतच वाचता येते. एन्ट्रॉपी लेबल त्या खोलीच्या खाली गेले तर असून नसल्यासारखे. डिसेंबर २०१९च्या आरएफसी ८६६२ मध्ये म्हणून प्रत्येक राउटरने आपली वाचनखोली जाहीर करायची आणि वेशीवरच्या राउटरने ती पाहून एन्ट्रॉपी लेबल योग्य जागी घालायचे, गरज पडल्यास एकाहून अधिक ठिकाणी, अशी व्यवस्था आहे.

लेबलांनी न सुटणारे प्रश्नही आहेत. पहिला प्रश्न अजस्र प्रवाहाचा. दोन डेटा सेंटरांमधली रात्रीची एक बॅकअप-जोडणी ९ गिगाबिट खात असेल, तर ते एकच संभाषण आहे आणि क्रमाच्या अटीमुळे एकाच तारेवर राहणार. चार तारांची जुडी ४० गिगाबिटची असली तरी एका संभाषणाला १० हून जास्त कधीच मिळत नाहीत. जुडी विकत घेताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. २०१५च्या आरएफसी ७४२४ मध्ये असे अजस्र प्रवाह हेरून त्यांना कमी भाराच्या तारेवर हलवायचे किंवा लहान प्रवाहांना त्यांच्या वाटेतून बाजूला काढायचे मार्ग दिले आहेत.

दुसरा प्रश्न एकसारख्या हॅशचा. ओळीने उभ्या असलेल्या दोन राउटरांचे सूत्र तंतोतंत सारखे असेल आणि पहिल्याने विषम बाकीचे सगळे प्रवाह दुसऱ्याकडे पाठवले, तर दुसऱ्याकडे फक्त विषम बाकीच येते आणि त्याच्या दोन तारांपैकी एक कायम रिकामी राहते. प्रत्येक राउटरच्या सूत्रात वेगळा बीजांक घातला की हे टळते. बीजांक बदलायला एक ओळ पुरते, पण तो कारखान्यातून आला तसाच राहून गेलेला पुष्कळदा आढळतो.

तिसरा प्रश्न तारांच्या संख्येचा. काही जुने स्विच हॅशचे आठच खण करतात आणि ते तारांमध्ये वाटतात. तीन तारा असतील तर वाटणी ३, ३ आणि २ अशी होते. दोन तारांवर साडेसदतीस टक्के, तिसरीवर पंचवीस. तिथे दोन, चार किंवा आठ ताराच बांधाव्यात. तार तुटल्यावरचा हिशेबही असाच बोचरा आहे. चाराने भागण्याऐवजी तिनाने भागायला सुरुवात केली की फक्त तुटलेल्या तारेवरचे नव्हे, तर एकूण प्रवाहांपैकी तीन चतुर्थांश प्रवाह जागा बदलतात. तुटलेल्या तारेचे खण तेवढे उरलेल्यांना वाटून देणारी, बाकीच्यांना हात न लावणारी पद्धत नव्या चिपांमध्ये असते आणि ती चालू ठेवणेच हिताचे.

तार पूर्ण तुटली तर निदान कळते तरी. ती अर्धवट बिघडली, प्रकाश येतो आहे पण पॅकेट खराब होताहेत, तर शोध अवघड होतो. चार तारांपैकी एक अशी झाली की साधारण एक चतुर्थांश संभाषणे बिघडतात आणि उरलेली ठणठणीत चालतात. एखाद्याची बँकेची साइट उघडते, मेल उघडत नाही. पिंग करून पाहिले तर त्या पिंगचे रकाने ठरलेले असल्यामुळे तो दर वेळी त्याच एका तारेवरून जातो. ती तार चांगली असली की शंभरातले शंभर पिंग परत येतात. फेब्रुवारी २०१४च्या आरएफसी ७१३० ने यासाठी जुडीतल्या प्रत्येक तारेवर बीएफडी या तपासणी-प्रोटोकॉलचे वेगळे सत्र चालवायची सोय केली आहे. त्याने तार जिवंत आहे की नाही ते काही मिलिसेकंदांत कळते. अधूनमधून पॅकेट खराब करणारी तार मात्र त्यालाही चकवू शकते. तिच्यासाठी प्रत्येक पोर्टवरचा खराब फ्रेमचा आकडा स्वतंत्रपणे वाचावा लागतो, आणि एन्ट्रॉपी लेबलाचा आकडा मुद्दाम बदलत चाचणीची पॅकेट पाठवावी लागतात, म्हणजे ती एकेक करून चारही तारांवरून जाऊन येतात आणि दोषी तार उघडी पडते.